ज्याचं अंग, त्यालाच विचारा

ये गं, अशी जवळ बस. त्या लांबच्या खुर्चीत नको, इथे पलंगावर ये, मला हल्ली ओरडून बोलवत नाही. आणि आधी ती पर्स उघड. उघड म्हणते ना! आतल्या कप्प्यात काय आहे? बघ, निघाली की नाही गोळ्यांची अर्धी पट्टी? "बरं वाटलं मावशी, म्हणून थांबवल्या." वा वा. म्हणजे पुढच्या वेळी घसा धरला की डॉक्टरांना न विचारता यातल्याच दोन खाशील. नाहीतर ऑफिसातल्या मैत्रिणीला देशील, "घे, मला मस्त लागू पडल्या होत्या" म्हणून. हळदीकुंकवाचं वाण आहे का ते, वाटत सुटायला?

रागावू नकोस. हे वाचणाऱ्या सगळ्यांनाच मी असं बोलणार आहे, कारण पर्स सगळ्यांची सारखीच असते. पुरुषांची पट्टी गाडीच्या डिकीत सापडते, एवढाच फरक.

खडकी बाजारातल्या एका दवाखान्यात माझं अख्खं आयुष्य गेलं. कंपाउंडर म्हणून. नर्सिंगबिर्सिंग काही शिकलेली नाही मी. डॉक्टरांनी शिकवलं ते शिकले, उरलेलं पेशंटांनी शिकवलं. आमच्या दवाखान्यात डॉक्टर आत तपासायचे, कागद खिडकीतून माझ्याकडे यायचा, मी औषधं काढून छोट्या पाकिटात घालायची आणि कशी घ्यायची ते तोंडाने समजावून सांगायची. वाचता न येणारे बरेच असत, म्हणून पाकिटावर चित्रं काढायची. उगवता सूर्य म्हणजे सकाळ, डोक्यावरचा सूर्य म्हणजे दुपार, चंद्र म्हणजे रात्र. एका आजींनी चंद्राकडे बघून विचारलं, "मग अवसेला घ्यायची नाही का गं?" मी हसले नाही. त्यांनी निदान विचारलं तरी. न विचारणारे जास्त.

दिवाळी अंकवाल्या मुलीने सांगितलं, मावशी, गमतीजमती लिहा, सण आहे. गमती आहेत की. एका बाईंना मुलासाठी पावडरची बाटली दिली होती. त्या औषधात उकळून गार केलेलं पाणी रेघेपर्यंत घालायचं, हलवायचं, मग चमच्याने द्यायचं. मुलगा हडकुळा आहे म्हणून बाईंनी पाण्याऐवजी दूध घातलं. वर मलाच म्हणाल्या, "पौष्टिक नको का?" तेव्हापासून बाटली मीच कालवून द्यायला लागले.

आणि कोथरूडचे एक निवृत्त गृहस्थ होते. नोकरी खडकीत झाली म्हणून डॉक्टर खडकीचेच, कितीही लांब पडो. पहिल्याच दिवशी खिडकीत येऊन म्हणाले, "मला पेनिसिलीनची ॲलर्जी आहे. नोंद करून ठेवा."

"काय झालं होतं आपल्याला?"

"पोट बिघडलं. मळमळ."

"अंगावर उठलं होतं का काही? ओठ सुजले? दम लागला?"

"छे. पोट म्हणतोय ना मी."

"उपाशीपोटी घेतली होती गोळी?"

"मिसळ खाऊन."

"मग ॲलर्जी मिसळीची लिहू का?"

"नको," ते म्हणाले, "घरी कळेल."

हसलीस ना? पण यातलं कामाचं लक्षात ठेव. या औषधाने पोट थोडं ढवळणं, जुलाब होणं वेगळं, आणि अंगाने ते औषध शत्रू मानणं वेगळं. पहिलं झालं तर डॉक्टरांना सांगायचं, ते सांगतील जेवणावर घ्या, नाहीतर बदलून देतील. दुसरं झालं तर गोळी तिथल्या तिथे बंद. अंगभर गांधी उठल्या, ओठ, डोळे, जीभ सुजली, घशात अडकल्यासारखं झालं, श्वासाला शिट्टी लागली, डोळ्यांपुढे अंधारी आली, तर वाट बघायची नाही. शेजारीण काय म्हणते ते ऐकायचं नाही. उठायचं आणि सरळ मोठं हॉस्पिटल गाठायचं.

आणि हे पेनिसिलीन म्हणजे एकच औषध नव्हे. ते घराणं आहे. आडनाव एक, नावं निरनिराळी, आणि पट्टीवर कंपनी छापते ते तिसरंच. इंजेक्शन असतं, कॅप्सूल असते, लहान मुलांचं पातळ असतं. ज्याला त्या घराण्यातलं एक सोसलं नाही, त्याने सगळ्या घराण्यालाच नमस्कार करायचा, आणि हे प्रत्येक डॉक्टरला, दातवाल्याला, औषधांच्या दुकानात, न विचारता आपण होऊन सांगायचं. काहींची ही ॲलर्जी पुढे जातेही म्हणे. पण गेली की नाही ते मोठ्या दवाखान्यात तपासून ठरवायचं. घरी गिळून बघून नव्हे.

गमती सांगून झाल्या. आता जी गोष्ट घशात अडकून बसलीय ती सांगते.

आमच्या डॉक्टरांचा एक नियम होता. कुठलंही असलं औषध लिहायच्या आधी विचारायचंच, "याआधी कुठल्या औषधाने त्रास झालाय?" चांगला नियम. पण आपल्याकडे काय होतं, पेशंट कधी एकटा येत नाही. आणि विचारलं पेशंटला की उत्तर देतं बरोबर आलेलं माणूस. नवऱ्याचं बायको देते, म्हाताऱ्याचं मुलगा देतो, आणि सुनेचं सासू देते. डॉक्टर सुनेच्या डोळ्यांत बघून विचारायचे, "काय होतंय तुला?" की सासू म्हणायची, "तिला ना डॉक्टर, कालपासून कणकण आहे." जीभ बाहेर काढायची वेळ आली तेवढी सूनबाईंची स्वतःची.

डॉक्टर एकदा वैतागून मला म्हणाले, "मावशी, ज्याचं अंग, त्यालाच विचारायला हवं. पण कसं विचारू? सासूला बाहेर जा म्हटलं तर पुढच्या वेळी पेशंटच येणार नाही."

त्यावर आम्ही दोघांनी मिळून उपाय काढला. माझ्या खिडकीशेजारी कोपऱ्यात पडदा लावला आणि पडद्यामागे वजनकाटा ठेवला. उभं राहायचा, जुना, काटा गोल फिरणारा. आत तपासून झालं की डॉक्टर हाक मारायचे, "मावशी, यांचं वजन घ्या." बाईच्या वजनाला बरोबरचं माणूस आत येत नाही, लाजेखातर. तेवढ्यात मी हळूच विचारून घ्यायची. कसलं औषध सोसत नाही, पाळी चुकलीय का, आणखी काही घेतेस का. खूप काही निघालं त्या काट्यावर. वजनं कुणाची किती होती ते मला आठवतही नाही.

तर रुपाली. हे तिचं खरं नाव नाही, गावही मी बदललंय, आणि जे लिहितेय ते तिला विचारून लिहितेय. माहेर वाशीमकडचं. नवरा इथे फॅक्टरीत, राहायला क्वार्टर्समध्ये, घरात सासू. लग्नाला वर्षही झालं नव्हतं. घसा लाल, त्यावर पांढरं उठलेलं, ताप. सासू घेऊन आली. सासूचं आणि माझं वय एकच, आमची जुनी ओळख. कडक होती, पण वाईट नव्हती, हे मी आधीच सांगून ठेवते. रिक्षातून उतरताना सुनेला हात देत होती.

डॉक्टरांनी विचारलं, "याआधी कुठल्या औषधाने त्रास?"

सासू म्हणाली, "छे हो. दगड पचवेल ती."

"तिला विचारतोय मी."

"तेच सांगतेय ना. आल्यापासून शिंकसुद्धा नाही."

रुपालीने मान खाली घातलेली. डॉक्टरांनी हाक मारली, "मावशी, वजन."

मी पडदा ओढला. ती काट्यावर उभी राहिली. मी म्हटलं, "बाळा, लहानपणी कधी औषधाने अंगावर उठलं होतं? सूज? चक्कर?" तिने आधी माझ्याकडे बघितलं, मग खाली. पडद्याच्या खालून सासूच्या चपला दिसत होत्या. अगदी लगत.

"नाही," रुपाली म्हणाली.

मी तरी पाकीट देताना सगळं सांगितलं, नेहमीसारखं. जेवणानंतर घ्यायची. बरं वाटलं म्हणून मधेच सोडायची नाही, कोर्स पुरा करायचा. आणि अंगाला खाज सुटली, गांधी आल्या, सूज आली, तर दुसरी गोळी घ्यायची नाही, तशीच निघून यायचं.

सासू हसून म्हणाली, "ताई, औषध देताय की भीती?"

आता पुढचं मला रुपालीनेच सांगितलं, नंतर. ती लहान असताना गावाकडे तिला तापात पेनिसिलीनचं इंजेक्शन दिलं होतं आणि पोरगी जाता जाता वाचली होती. तिथल्या डॉक्टरांनी आईबापाला बजावलं, हे हिला आयुष्यात परत द्यायचं नाही. तिचं पहिलं लग्न ठरलं तेव्हा वडिलांनी साधेपणाने मुलाकडच्यांना सांगून टाकलं, पोरीला एवढं एक औषध चालत नाही. आठवड्यात निरोप आला. आजारी मुलगी नको. म्हणून पुण्याचं स्थळ आलं तेव्हा आईने तिला देवापुढे बसवलं आणि शपथ घातली, सासरी हे बोलायचं नाही.

काट्यावर उभी राहून ती मनात काय म्हणत होती? की ते इंजेक्शन होतं, ह्या तर गोळ्या. आणि नावही वेगळं आहे. म्हणजे शपथही राहील आणि काही होणारही नाही. त्या पोरीला घराणं कुणी समजावलंच नव्हतं. नुसतं एक नाव सांगितलं होतं आणि ते लपवायला शिकवलं होतं.

घरी जाऊन पेज पिऊन तिने पहिली गोळी घेतली. थोड्या वेळाने हाताला खाज सुटली. मग पोटावर, पाठीवर गांधी. सासूने बघितलं आणि म्हणाली, "पित्त उठलंय. तापाची उष्णता." आता आपल्या घरात पित्त उठलं की काय करतात? आमसुलं भिजत घातली. त्या बाईने आपल्या हाताने सुनेच्या अंगाला आमसुलाचं पाणी चोळलं, हात, पाठ, मान. पंख्याखाली बसवलं. थंडाव्याने जरा बरं वाटलं, आणि इथेच घात झाला, कारण सासूला वाटलं निदान बरोबर निघालं.

रुपालीला मात्र खाज सुटताक्षणी कळलं होतं. लहानपणीचं अंग विसरत नाही. दुपारच्या गोळीची वेळ झाली, सासू पाण्याचा ग्लास घेऊन समोर उभी. रुपाली म्हणाली, "नको आई, आता नको."

"अगं, नको कसं? कोर्स अर्धवट सोडायचा नसतो. त्या दवाखान्यातल्या ताई किती ओरडतात, ऐकलंस ना?"

हे ऐकलं तेव्हा मी हॉस्पिटलात तिच्या खाटेशेजारी बसले होते. मी दोन गोष्टी सांगितल्या होत्या. दोन्ही एकाच दमात. घरी एकच पोचली, आणि तीच माझं नाव लावून त्या पोरीपुढे ग्लासासकट उभी राहिली.

"मग तू सांगितलं का नाहीस गं?" मी रुपालीला विचारलं.

"शपथ होती, मावशी."

"जिवापेक्षा?"

"तेव्हा असं वाटत नाही ना. वाटतं, मागच्या वेळी वाचले होते, आताही वाचेन. पण लग्न मोडलं तर आई नाही वाचणार."

तिने ती गोळी गिळली.

संध्याकाळच्या दवाखान्याचं शटर मी नुकतंच वर केलं होतं. रिक्षा थांबली. सासूने तिला जवळजवळ ओढतच आणलं. ओठ सुजून उलटे झालेले, डोळ्यांच्या फटी, आमसुलाने हात लालसर डागाळलेले, आणि श्वास घेताना असा आवाज, जसा गळक्या पंपाचा. सासू म्हणत होती, "घसा सुजलाय हो डॉक्टर, घसा तर कालपासूनच सुजलाय." डॉक्टरांनी एक नजर टाकली आणि मांडीत ॲड्रिनलीनचं इंजेक्शन दिलं. मी ऑक्सिजन लावला. ॲम्ब्युलन्सला फोन लावला. हे सगळं बोलायला जेवढा वेळ लागतो त्याहून कमी वेळात झालं, कारण असल्या वेळेची आमची तयारी असायची, त्या इंजेक्शनांचा ट्रे जागेवरून कधी हलवायचो नाही आम्ही.

डॉक्टर तिच्यावर वाकून मोठ्याने विचारत होते, "असं आधी कधी झालं होतं? ऐकू येतंय का? आधी झालं होतं?"

तिला बोलता येत नव्हतं. तिने मान हलवली. हो.

सासू माझ्या शेजारी उभी होती. तिने ती मान हललेली बघितली. मी तिचा चेहरा बघितला. त्या बाईच्या हातालाही आमसुलाचा तोच रंग होता.

पोरगी वाचली. हे सांगून टाकते, तुझा जीव टांगणीला नको. हॉस्पिटलात ठेवावं लागलं, पण वाचली.

त्या हॉस्पिटलच्या व्हरांड्यात सासू भिंतीला टेकून रडली. खरं रडली. "माझ्या हाताने दिलं हो मी तिला. मी ग्लास धरला. आणि एकालाही वाटलं नाही मला सांगावंसं? ती मेली असती तर जगाने मला काय म्हटलं असतं? सुनेला मारली म्हटलं असतं!" यात काय चुकीचं आहे सांग. मी तिच्या पाठीवर हात ठेवला. वाटलं, हिला कळलंय. आता ही सुनेला जवळ घेईल.

डोळे पुसले आणि ती म्हणाली, "फसवलं आम्हाला. तुम्ही होतात ना ताई? तुम्ही बघितलीत ना तिने मान हलवलेली? दोन्हीकडच्यांच्या बैठकीत विचारलं तर सांगाल ना?"

म्हणजे कसं बघ. श्वास अडकलेल्या मुलीने जीव वाचावा म्हणून हलवलेली मान, आणि तिची साक्ष मी द्यायची, तिच्याच विरुद्ध!

मी म्हटलं, "मी दवाखान्यात काम करते, कोर्टात नाही."

"म्हणजे तुम्ही पण त्यांच्यातल्याच," ती म्हणाली. त्यानंतर आमचं बोलणं मोजकं झालं.

नवरा होता तिथेच. शिफ्टवरून आला होता. हातातल्या मोबाईलवर बोट वरखाली करत उभा. त्याला मी म्हटलं, "अरे, बायकोला विचार तरी कसं वाटतंय." तो म्हणाला, "आई बघतेय ना." अजूनही तो आठवला की मला त्याची चीड येत नाही इतकी त्या मोबाईलची येते.

हॉस्पिटलमधून रुपालीला थेट वाशीमच्या गाडीत बसवलं. बरी होईपर्यंत, असं म्हणाले. कशापासून बरी? घसा तर कधीच बरा झाला होता.

मग तिची आई आली. दवाखान्यात, माझ्या खिडकीत, डोक्यावरचा पदर घट्ट धरून. "बाई, काहून विचारलं हो तुमी तिले सासूसमोर? एकल्यात विचारलं असतं तं पोरगी नांदली असती."

"अहो, एकटीला विचारलं होतं. वजनकाट्यावर. ती नाही म्हणाली."

आईने पदर आणखी पुढे ओढला.

"तुमची शपथ होती तिला," मी म्हटलं.

"एक सोयरीक मोडली होती, बाई, याच पायी. आता सांगा मी काय करू? सांगतलं तं मोडते, नाही सांगतलं तं मरते."

मी तिला आत घेतलं, चहा पाजला. पण त्या प्रश्नाला माझ्याकडे पाकीट नव्हतं. ना सूर्याचं, ना चंद्राचं.

तुला वाटेल इथे संपलं. नाही. फारकत झाली, आणि काही काळाने तीच सासू नवी सून घेऊन दवाखान्यात आली. दुसरीकडे कशाला जाईल, क्वार्टर्सला जवळचा दवाखाना आमचाच. मुलीला दाढेची सूज होती. डॉक्टरांनी विचारलं, कुठल्या औषधाने त्रास? मी खिडकीतून कान देऊन.

"काही नाही डॉक्टर," सासू म्हणाली, आणि माझ्याकडे वळून, "या वेळी आधीच विचारून आणलीय, ताई. सरळ सांगितलं त्यांना, काही सोसत नसेल तर आत्ताच बोला, आम्हाला तसली नको."

म्हणजे इतकं सगळं होऊन ती एवढंच शिकली. विचारायचं कशासाठी, तर मुलगी वाचावी म्हणून नाही, माल तपासून घ्यावा म्हणून. असं विचारल्यावर कुठली आई खरं बोलेल, तूच सांग.

मी त्या नव्या सुनेला काट्यावर घेतलं. विचारलं. "नाही," ती चटकन म्हणाली. फारच चटकन. मी पडद्याखाली बघितलं. चपला होत्या. डॉक्टरांनी पहिली गोळी तिला समोर घ्यायला लावली आणि बराच वेळ बाकावर बसवून ठेवलं. काही झालं नाही. सुटले म्हटलं. पण या औषधाचं काही नव्हतं म्हणून बाकी काही नसेलच, असं कोण म्हणेल? ती पोरगी बाकावर बसली होती ती परीक्षेला बसल्यासारखी. नापास झाले तर घरी पाठवतील, या भीतीने हाताकडे बघत होती.

आता दवाखाना बंद झाला. डॉक्टर थकले, मुलीकडे गेले राहायला. त्या जागेत मोबाईलचं दुकान आलंय, माझ्या खिडकीत कव्हरं लटकतात. मी कोथरूडला मुलाकडे असते. येताना दवाखान्यातून मी एकच वस्तू मागून आणली, तो वजनकाटा. सून म्हणाली, "आई, हे भंगार ठेवायचं कुठे?" मी म्हटलं, "माझ्या पलंगाशेजारी. तुझ्या सोफ्याला धक्का लागणार नाही." आता सोसायटीतल्या बायका वजन करायला येतात आणि तासभर बसून सगळं सांगून जातात. काट्याचा गुण आहे तो. माझी सूनही एकदा उभी राहिली होती, घरात कुणी नसताना. काय म्हणाली ते लिहिणार नाही. तिचं अंग, ती सांगेल.

रुपाली हडपसरला असते. नोकरी करते, दोन मैत्रिणींबरोबर खोली घेऊन राहते. तिचा फोन येतो अधूनमधून. मध्ये ताप आला तेव्हा एकटीच डॉक्टरांकडे गेली आणि खुर्चीत बसायच्या आधी म्हणाली, "मला पेनिसिलीन चालत नाही, त्या घराण्यातलं कुठलंच नाही." फोनवर हे सांगताना केवढी हसत होती. तिच्या वतीने उत्तर देणारं सोबत कुणी नव्हतं ना, म्हणून तिचं तिला देता आलं. मी पण हसले. फोन ठेवल्यावर हसू आलं नाही. आपल्या पोरींनी जीव वाचवायला एकटंच व्हायला हवं का?

आणि मागच्या आठवड्यात पुन्हा फोन. आवाज वेगळा होता. "मावशी, एक स्थळ आलंय. माणूस बरा वाटतो. आई म्हणते, एकदा मोडलंय, आता तरी ते सांगू नको."

"तू काय म्हणालीस?"

"अजून काही नाही म्हणाले."

आता हे तुझ्यासाठी लिहितेय, रुपाली. बाकीच्यांनी वाचलं तरी चालेल. शपथ घातली असेल तर ती तुझ्या आईला परत दे. माझं नाव सांग, म्हणावं त्या खिडकीतल्या बाईने परत करायला सांगितलीय. आणि तू इकडे ये. येत्या रविवारीच ये, पुढच्या नको, तोवर बोलणी पुढे जातील. आईला घेऊन ये, तिच्या हातचा ठेचा आण. त्या मुलालाही बोलाव, एकट्याला, त्याच्या आईशिवाय. बसमधून उतरून फोन कर, मी नातवाला पाठवते. मुलगा आला की पहिलं त्याला काट्यावर उभं करू आणि विचारू, बाबा रे, तुला काय सोसत नाही? तो काय बोलतो ते ऐकू. मग तू बोल. पडद्याखाली चपला नसतील, माझ्या घरी चपला दाराबाहेर काढतात.